६१ तास वीज नसताना: फ्रीज, फ्रीझर आणि पंधरा किलो ड्राय आइस

वादळात झाड पडून वीजवाहिनी तुटली आणि आमच्या घरातली वीज रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी गेली, ती सलग ६१ तास आली नाही. घरात सहा माणसे, त्यांपैकी एक चार वर्षांचे मूल. स्वयंपाकघरात २५० लिटरचा फ्रीज आणि ३०० लिटरचा, वरून उघडणारा डीप फ्रीझर. खोलीतले तापमान दिवसा ३२ अंश सेल्सिअसपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही १५ किलो ड्राय आइस, म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड, आणला, आणि पुढे ही हकिकत नातेवाइकांत 'ड्राय आइसमुळे सगळे वाचले' अशीच सांगितली जाऊ लागली. ती तशी नाही. दोन्ही यंत्रांतल्या तापमानाची नोंद मी पहिल्या रात्रीपासून ठेवली होती. त्या नोंदीनुसार फ्रीजमधले जे अन्न गेले, ते ड्राय आइस घरात येण्याच्या साडेअकरा तास आधीच गेले होते. आणि त्या अन्नावर नंतर जो ड्राय आइस खर्च झाला, त्याने ते वाचले तर नाहीच, उलट ते चांगले आहे असा आभास मात्र निर्माण झाला. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण तो आभास हेच आहे.

पहिली रात्र

फ्रीझरमध्ये तारेच्या टोकाचा थर्मामीटर होता, त्याचा आकडा बाहेर दिसत असे. फ्रीजमधल्या थर्मामीटरचे टोक मधल्या कप्प्यावर पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवले होते, कारण दार उघडताच हवेचे तापमान चटकन बदलते, पण अन्न त्या वेगाने तापत नाही. पेल्यातले पाणी अन्नाच्या जवळपासचा आकडा दाखवते. वीज गेली तेव्हा फ्रीज ४ अंशांवर आणि फ्रीझर उणे १८ अंशांवर होता. तासाभरात वीज येईल असे सर्वांनी गृहीत धरले. मुलाच्या दुधासाठी एकदा, पाण्याच्या बाटलीसाठी दोनदा आणि मेणबत्तीच्या उजेडात काय उरले आहे ते पाहण्यासाठी एकदा, असा मध्यरात्रीपर्यंत फ्रीज चार वेळा उघडला गेला. ११ वाजता पेल्यातल्या पाण्याने ५ अंश ओलांडले. पहाटे पावणेदोनला आकडा ९ होता, सकाळी सहाला १४, आणि दुपारी बाराला १९. त्याच काळात फ्रीझर कोणीही उघडला नव्हता. तो सकाळी सहाला उणे १३ वर आणि दुपारी बाराला उणे १० वर होता.

दोन यंत्रांतला हा फरक पाहून प्रथम वाटते की फ्रीझरचे आवरण जाड असेल. तेही आहे; पण मोठे कारण अन्नातच आहे. गोठलेले अन्न वितळण्यासाठी त्यातल्या बर्फाला फार मोठी अप्रकट उष्मा लागते. एक किलो बर्फ केवळ वितळवण्यासाठी सुमारे ३३४ किलोज्यूल, म्हणजे तेवढ्याच पाण्याचे तापमान ० पासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत नेण्याइतकी ऊर्जा. भरलेला फ्रीझर म्हणजे थंडीची साठवलेली पुंजीच होय. फ्रीजकडे अशी पुंजी नसते. त्यातले सगळे काही आधीच द्रव किंवा ओले आहे, ४ अंशांवर आहे, आणि ४ पासून ५ वर जायला अगदी थोडी उष्णता पुरते. म्हणूनच बंद दाराचा फ्रीज सुमारे चार तास, अर्धा भरलेला फ्रीझर सुमारे २४ तास आणि पूर्ण भरलेला सुमारे ४८ तास, असा संकेत अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनात दिलेला असतो. आमच्या फ्रीजला चार तासही मिळाले नाहीत, कारण तो आम्ही चार वेळा उघडला.

रोगकारक जीवाणूंची वाढ साधारण ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात वेगाने होते. नाशवंत अन्न या पट्ट्यात दोन तासांहून अधिक राहू नये आणि खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक राहू नये, हा रुळलेला नियम आहे. आमच्या नोंदीला तो लावला तर ११ ला ५ अंश ओलांडणारे अन्न रात्री १ वाजता बाद होते. त्या वेळी घरातली सगळी माणसे झोपली होती, आणि सकाळी उठल्यावर कोणालाही कशाचाही वास आला नाही.

ड्राय आइस घरात आला

दुसऱ्या दिवशी वीज लवकर येणार नाही असे कळल्यावर धाकटा भाऊ ड्राय आइस आणायला गेला. किती आणायचा हे आम्ही अंदाजाने नव्हे, प्रमाणाने ठरवले. ५१० लिटरचा भरलेला फ्रीझर दोन दिवस थंड ठेवायला सुमारे २३ किलो लागतो, या प्रमाणाने ३०० लिटरला साडेतेरा किलो होतात. म्हणून १५ किलोच्या वड्या मागवल्या. मोटारीच्या चारही काचा अर्ध्या उघड्या ठेवून आणि पेटी मागच्या बाजूला ठेवून त्याने त्या आणल्या. थर्मोकोलच्या पेटीचे झाकण त्याने नुसते वरून ठेवले होते, चिकटपट्टी लावली नव्हती. हे मी त्याला निघताना दोनदा बजावले होते, कारण ड्राय आइस वितळत नाही. घनरूप कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो, आणि एका किलोपासून खोलीच्या तापमानाला सुमारे ५५० लिटर वायू तयार होतो. हवाबंद भांड्यात, थर्मासमध्ये किंवा बूच घट्ट लावलेल्या बाटलीत त्याला वाट न मिळाल्यास भांडे फुटते. घरी वजन केले तेव्हा १४.६ किलो भरले. वाटेत चारशे ग्रॅम हवेत गेले होते.

कातडी हातमोजे घालून आम्ही १० किलोच्या वड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, अन्नावर जाड पुठ्ठा पसरला आणि त्या पुठ्ठ्यावर मांडल्या. वरच मांडायच्या, कारण थंड वायू जड असतो आणि खाली उतरतो. एका वडीचा कागद निसटला आणि ती तारेच्या टोपलीला टेकली, तेव्हा टोपली चक्क किंचाळली. वडीच्या मानाने गरम असलेल्या धातूने तिला स्पर्श केला की तिथे वायू झपाट्याने सुटतो आणि धातूला कंप देतो, त्याचा तो आवाज. मूल दचकून मागे सरले, ते एका परीने बरेच झाले; दिवसभर ते फ्रीझरच्या जवळ आले नाही. उघड्या त्वचेला ही वडी काही क्षण जरी चिकटली तरी हिमदंश होतो.

इथपर्यंत सर्व ठीक होते. उरलेले ४.६ किलो मात्र मी आत कपडे वाळत घालत असताना फ्रीजच्या वरच्या काचेच्या कप्प्यावर ठेवले गेले. हेतू चांगला होता. 'फ्रीझरला एवढे दिले, तर फ्रीजलाही थोडे द्यावे' या विचारात कोणालाही चूक दिसली नसती.

फ्रीजमध्ये काय झाले

चार तासांनी, साडेचारला, मी फ्रीज उघडला. वरच्या काचेला कोपऱ्यापासून आडवी बारीक चीर गेली होती. खालच्या ड्रॉवरमधल्या पालेभाज्या काचेसारख्या कडक झाल्या होत्या आणि बोट लावताच त्यांचे तुकडे पडत होते. वडीच्या बरोबर खाली ठेवलेल्या पातेल्यातले दूध कडेने गोठले होते, दोन अंडी तडकली होती, आणि दाराच्या कप्प्यातला थर्मामीटर, जो मी तिथे हलवून ठेवला होता, अजून ११ अंश दाखवत होता. एकाच पेटीत तळाशी गोठणबिंदूखाली आणि दारात ११: ही ड्राय आइसची चूक नाही, त्याच्या स्वभावाचा परिणाम आहे. उणे ७८ अंशांच्या वस्तूकडून ४ अंश राखून घ्यायचे, म्हणजे भट्टीवर लोणी मऊ करण्यासारखे आहे. ते मधोमध थांबत नाही.

फ्रीजसाठी खरे योग्य साधन साधा बर्फ आहे, आणि त्याचे कारण त्याच्या द्रवणांकात आहे. साधा बर्फ ० अंशांवर वितळतो आणि पूर्ण वितळेपर्यंत ० अंशांवरच राहतो. त्याच्याजवळ ठेवलेले दूध गोठत नाही आणि तापतही नाही. ड्राय आइसची एका किलोमागे उष्णता शोषण्याची क्षमता अधिक आहे, सुमारे ५७१ किलोज्यूल, आणि तो घट्ट असल्यामुळे आकारमानाच्या हिशेबाने तर साध्या बर्फाच्या जवळजवळ तिप्पट. पण फ्रीजला जास्त थंडी नको असते, नेमकी थंडी हवी असते. हा भेद त्या दिवसापूर्वी मलाही इतका स्पष्ट नव्हता.

आता त्या आभासाकडे येतो. मधल्या कप्प्यावर आदल्या दिवशीचा शिजवलेला भात आणि शिजवलेले मांस झाकून ठेवलेले होते. आईने भांड्याला हात लावला आणि म्हणाली, "अरे, हे तर बर्फासारखं गार आहे. रात्रीला पुरेल." तिचे म्हणणे हाताच्या दृष्टीने खरेच होते, भांडे गार होते. मी नोंदवही आणून तिला रात्री ११ चा आकडा दाखवला, मग पहाटेचा, मग बाराचा १९, आणि म्हणालो, "आई, हे आत्ता गार झालंय. तेरा तास कोमट होतं." ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "उकळून घेतलं तरी?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि बहुतेक घरांत तो विचारला जातो. उत्तर असे की, उकळल्याने जीवाणू मरतात, पण काही जीवाणूंनी आधीच सोडलेले विष मरत नाही. कोमट राहिलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचे उलटी आणणारे विष आणि शिजवलेल्या अन्नात वाढणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसचे विष, ही दोन्ही उकळीला दाद देत नाहीत. कोमट राहिलेल्या काही माशांत तयार होणारे हिस्टामाइन हे अपायकारक रसायनही शिजवून जात नाही. गोठवण्याबद्दलही असाच गैरसमज आहे: गोठवल्याने जीवाणूंची वाढ थांबते, ते मरत नाहीत. लिस्टेरिया हा जीवाणू तर फ्रीजच्या तापमानालाही हळूहळू वाढतो, म्हणून फ्रीज ४ वर असणे म्हणजे अन्न अनंत काळ टिकणे नव्हे. थंडी हे घड्याळ थांबवणारे साधन आहे, काटे मागे फिरवणारे नव्हे. आणि आमचे घड्याळ रात्रभर चालू राहिले होते.

भात, मांस, दूध, मासे, चिरलेली फळे आणि अंडी टाकून दिली. लोणी, कडक चीज, मुरंबा आणि अख्खी फळे ठेवली, कारण ती या कसोटीत नाशवंत गणली जात नाहीत. आईला अन्न टाकणे जड गेले आणि मलाही; पण घरात चार वर्षांचे मूल असताना आणि तापमानाची नोंद हातात असताना दुसरा निर्णय मला घेता आला नसता.

स्वयंपाकघरातली हवा

याच दुपारी दुसरी गोष्ट घडत होती आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. अडीचच्या सुमारास पाऊस आला म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या गेल्या. साडेचारला, मी फ्रीज तपासत असताना, खाली सतरंजीवर मुलाला घेऊन बसलेल्या वहिनीने डोके दुखत असल्याचे आणि मूल जोरजोरात श्वास घेत असल्याचे सांगितले. मी प्रथम मुलाला उचलून बाहेर नेले, मग खिडक्या आणि दोन्ही दारे उघडली. दहा-पंधरा मिनिटांत दोघांना बरे वाटले. त्यानंतर बसून हिशेब केला.

फ्रीजमधून काढलेली वडी आता २.१ किलो भरली, म्हणजे चार तासांत अडीच किलो वायू झाला होता. फ्रीझरमधून ताशी तीन-चारशे ग्रॅम जात असावा असे धरले, तर दोन्ही मिळून ताशी जवळजवळ एक किलो, म्हणजे ५५० लिटर वायू. आमचे स्वयंपाकघर साधारण ३० घनमीटरचे. हवा अजिबात खेळत नसती तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर तासाला सुमारे १.८ टक्क्याने वाढले असते. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून काही वायू बाहेर गेला असणार. पण बाहेरच्या हवेत हे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के असते, आठ तासांच्या कामासाठी मान्य असलेली मर्यादा ०.५ टक्के आहे, थोड्या वेळासाठीची मर्यादा ३ टक्के आणि ४ टक्के ही जिवाला तत्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे, हे पाहता दोन तास बंद असलेल्या खोलीत डोके दुखणे अगदी अपेक्षित होते. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. उभ्याने वावरणाऱ्या आईला काहीच जाणवले नव्हते. सतरंजीवरच्या मुलाला सर्वांत आधी जाणवले. ड्राय आइसभोवती दिसणारे पांढरे धुके म्हणजे हवेतल्या बाष्पाचे थंडीने झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. वायू स्वतः दिसत नाही आणि त्याला इशारा देणारा वासही नसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोत एका समारंभात जलतरण तलावात ड्राय आइस टाकला गेल्याने तिघांचा मृत्यू झाला होता, ही बातमी मी तेव्हा वाचली होती. तरीही पाऊस आला तेव्हा खिडकी लावू नका असे मी घरात सांगितले नव्हते. या प्रकरणात माझ्याकडून झालेली ही सर्वांत गंभीर चूक आहे.

त्यानंतर खिडकी कायम उघडी ठेवली, पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून तिच्याखाली बादली ठेवली, आणि रात्री कोणालाही स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून असलेल्या खोलीत झोपू दिले नाही.

फ्रीझरचा निकाल

फ्रीजमधून काढलेले २.१ किलो त्याच संध्याकाळी फ्रीझरमध्ये ठेवले. त्यासाठी झाकण पंधरा-वीस सेकंद उघडले, आणि पुढे वीज येईपर्यंत ते एकदाही उघडले नाही. तारेचा थर्मामीटर असल्यामुळे तशी गरजच पडली नाही. त्या रात्री तळाचा आकडा उणे १४ पर्यंत उतरला, मग हळूहळू चढू लागला, आणि ६१ तासांनी, सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी वीज आली तेव्हा उणे ८ वर होता. अन्न ४ अंशांच्या वर गेलेले नसेल, किंवा त्यात अजून बर्फाचे कण असतील, तर ते पुन्हा गोठवता येते. आमच्याकडे सर्व काही दगडासारखे कडक होते. आइस्क्रीमचा पोत तेवढा बिघडला. ड्राय आइस नसता तर तीन-चतुर्थांश भरलेला फ्रीझर त्या उन्हाळ्यात ६१ तास निभावून गेला असता असे मी म्हणू शकत नाही. म्हणून फ्रीझरपुरते त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण फ्रीज वाचवण्यासाठी लागणारी वस्तू पहिल्या तासापासून घरात होती. फ्रीझरच्या कोपऱ्यात बर्फाच्या चार पिशव्या आणि गोठवलेल्या जेलच्या तीन थैल्या होत्या, सगळे मिळून सहा किलोंच्या आसपास. वीज गेल्यावर अर्ध्या तासात झाकण एकदाच उघडून त्या काढल्या असत्या आणि मुलाचे दूध, भात, मांस व मासे त्यांच्यासह थर्मोकोलच्या पेटीत दाबून भरले असते, तर ते अन्न दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ४ अंशांच्या आत राहण्याची चांगली शक्यता होती. आणि ड्राय आइस आणायला गेलेल्या भावाने येताना साधा बर्फही आणला असता तर पुढचीही सोय झाली असती. फ्रीझरचे यात फारसे काही गेले नसते. आम्ही मात्र फ्रीझर उघडायचा नाही हा नियम पाळला आणि फ्रीज उघडायचा नाही हा विसरलो.

वीज आल्यावर फ्रीज आतून धुऊन पुसला आणि रिकामाच चालू केला. पेल्यातले पाणी ४ अंशांवर यायला सात तास लागले. तोपर्यंत दुपारी आणलेले ताजे दूध बर्फाच्या पेटीत होते. संध्याकाळी पावणेसहाला आईने स्वतः थर्मामीटर वाचला, आकडा नोंदवहीत लिहिला आणि मग दुधाचे पातेले आत ठेवले.